ज्याचं दार त्याच्यासमोर

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी माझ्या नणंदेला पालक मिळाला, आणि तोही त्यांनी स्वतः कडेवर घेऊन वाढवलेला. हा पालक म्हणजे आमचे हे. कोर्टाच्या हुकमात ह्यांच्या नावापुढे 'पालक' आणि वन्संच्या नावापुढे 'असमर्थ' असं छापून आलं, तेव्हा मी ह्यांना म्हटलं, "आता त्यांना शाळेत कधी घालताय?" हे हसले नाहीत. त्या दिवसांत ते कशालाच हसत नव्हते.

वन्सं कुलपांचं काम करतात. किल्ल्या पाडणं, अडकलेली कुलपं सोडवणं, जुन्या तिजोऱ्या दुरुस्त करणं. दुकान सासऱ्यांचं. त्यांनी आधी मुलाला शिकवायचा प्रयत्न केला होता, पण किल्ली घासायचं यंत्र सुरू झालं की हे कानांवर हात ठेवून माडीवर पळायचे. वन्सं मात्र त्या यंत्राला अशा चिकटल्या की सासरे गेल्यावर दुकान कुणी चालवायचं हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही. त्यांनी लग्न केलं नाही. दुकानाच्या वरच्या खोलीत राहिल्या, भावाला शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं आणि मला पहिल्याच आठवड्यात बाजूला घेऊन सांगितलं, "छोट्या काळजीखोर आहे. त्याचं ऐकून घेत जा, मनावर घेऊ नकोस." छोट्या म्हणजे हेच. उंची सहा फूट, पण वन्संसाठी छोट्या.

त्या दुकानाचा एक नियम होता. ज्याचं दार, तो माणूस समोर उभा असेल तरच त्याचं कुलूप उघडायचं. ऐकायला सोपा वाटतो, पण ह्या नियमापायी वन्संनी अर्ध्या वस्तीशी वाकडं घेतलं होतं. कुणी बायकोचं कपाट उघडून मागायला यायचा, कुणी आईची खोली, कुणी भाडेकरूचं दार. वन्सं चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, "दार कुणाचं?"

"अहो, मी नवरा आहे तिचा!"

"असाल की. कपाट तुमचं आहे का? नाही ना? मग तिला घेऊन या, तिच्यासमोर उघडते."

गिऱ्हाईक पाय आपटत निघून जायचं. मी एकदा म्हटलं, वन्सं, अशानं धंदा बसेल. तर म्हणाल्या, "धंदा बसला तर बसू दे. मी नाही बसणार."

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि त्या दुकानातच पडल्या. हे दुपारी त्यांना जेवणाचा डबा द्यायला गेले, तर वन्सं जमिनीवर, आणि यंत्र तसंच घरघरत होतं. डॉक्टरांनी जीव वाचवला. उजवा हातही हळूहळू परत आला. वाचा गेली. म्हणजे पूर्ण गेली असं नाही. डॉक्टर म्हणाले, डोक्यातलं सगळं जागच्या जागी आहे, फक्त बाहेर यायची वाट अडली आहे. वन्संना सगळं कळायचं, विनोद आधी कळायचा, पण बोलायला गेल्या की शब्द यायचा नाही, किंवा भलताच यायचा. कधीकधी 'हो' म्हणायचं असताना 'नाही' निघून जायचं, मग त्या स्वतःवरच चिडून मांडीवर थाप मारायच्या. पहिला शब्द परत आला तो 'छोट्या'. तेव्हा हे दवाखान्याच्या जिन्यात बसून हमसून हमसून रडले होते, मी पाहिलंय.

दवाखान्याला सही हवी होती, बँकेला सही हवी होती, म्हणून ह्यांनी खालच्या कोर्टात अर्ज केला. कोर्टानं पाठवलेला डॉक्टर चित्रांचा गठ्ठा घेऊन आला. घड्याळ दाखवलं, वन्संना शब्द आला नाही. चमचा दाखवला, नाही आला. मग त्यानं कुलपाचं चित्र पुढे धरलं. ज्या बाईचं सगळं आयुष्य कुलपांत गेलं, ती त्या चित्राकडे बघत राहिली, ओठ हलले, आणि म्हणाली, "पाणी." डॉक्टरनं फुली मारली. त्या फुल्यांवर वन्सं असमर्थ ठरल्या.

तिथून एकेक दार मिटत गेलं. बँकेतून पैसे काढायचे तर पालक. दवाखाना बदलायचा तर पालक. मतदारयादीतूनही नाव गेलं. तिथं तर पालकालाही विचारलं नाही. लोकांचं वागणंही बदललं. वन्सं समोर बसलेल्या असताना माणसं मला विचारायची, "ह्यांना बरं वाटतंय का? ह्या चहा घेतील का?" जणू मी खुर्चीबद्दल सांगणार होते.

दवाखान्यातून आमच्या घरी राहायला आल्यावर हे सगळं वन्संनी सोसलं. मग एके सकाळी ह्यांनी न्याहारीला दोन गोष्टी जाहीर केल्या. दुकानाला त्यांनी नवं कुलूप लावलं होतं आणि ते मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका माणसाला द्यायचं ठरवलं होतं. आणि वन्संसाठी गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात पुढच्या महिन्यापासून जागा घेतली होती.

"तिथं चोवीस तास नर्स असते, ताई," हे म्हणाले. "मी नसताना तू पुन्हा पडलीस तर?"

वन्सं म्हणाल्या, "नाही."

"बघ, हो म्हणतेय," हे मला म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलंय ना, उलटं होतं तिचं."

"मघाशी चहाला 'हो' म्हणाल्या, तेव्हा तुम्ही कप भरलात," मी म्हटलं. "सोयीचं तेवढं सुलटं आणि गैरसोयीचं उलटं, असं आहे का ते?"

वन्सं उठल्या, त्यांनी काठी घेतली आणि चालू लागल्या. मी मागोमाग गेले. त्या थेट दुकानापर्यंत गेल्या, शेजारच्या चहावाल्याकडून स्टूल मागून घेतलं आणि बंद दाराला पाठ लावून बसल्या. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. सकाळी दुकान उघडायच्या वेळी जायचं, संध्याकाळी बंद करायच्या वेळी उठायचं.

आता ते कुलूप असं होतं की वन्संनी डोळे मिटून उघडलं असतं. फुटपाथवर ढिगानं मिळतं तसलं. रस्त्यातले लोक म्हणायचे, "ताई, तुम्हीच कुलूपवाल्या, उघडा ना!" मलाही राहवलं नाही. मी केसांतली पिन काढून त्यांच्या हातावर ठेवली. म्हटलं, कुणी बघत नाहीये, उघडा आणि आत जाऊन बसा, मग बघू कोण उठवतंय. वन्संनी पिनेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पिन रस्त्यावर भिरकावली.

"चोर…" त्या म्हणाल्या. पुढचा शब्द यायला वेळ लागला. मी तो पुरवायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "चोर… नाही मी."

मी खाली बसून माझी पिन शोधली. लाज वाटली आणि रागही आला. त्यांचा नव्हे, त्या कुलपाचा.

वकीलबाई तिथंच भेटल्या. चाळिशीची बाई, हातात कुलूप बिघडलेली चामडी बॅग. दुकान बंद बघून त्या थबकल्या आणि त्यांनी वन्संना विचारलं, "काय झालं, ताई?" मी सवयीनं सांगायला लागले, तर म्हणाल्या, "एक मिनिट हं, मी ह्यांना विचारलंय." आणि गप्प उभ्या राहिल्या. वन्संना शब्द सापडेपर्यंत बाई बॅग हातात धरून उभी. आजारानंतर अशी वाट पाहणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

"भाऊ," वन्सं म्हणाल्या. मग मागच्या दारावर हात ठेवला. "माझं."

वकीलबाईंनी बाकीचं माझ्याकडून समजून घेतलं आणि मग स्वतःचं सांगितलं. लग्न झाल्यावर त्यांचं शिक्षण नवऱ्याला खुपत होतं. त्या परीक्षेसाठी परगावी गेल्या असताना नवरा ह्याच दुकानात आला होता, त्यांच्या कपाटाची किल्ली पाडून मागायला. कपाटात त्यांची सगळी प्रमाणपत्रं होती. "ह्यांनी त्याला हाकलून दिलं," त्या म्हणाल्या. "म्हणाल्या, तिचं कपाट तिच्यासमोर. त्यानं घरी येऊन आदळआपट केली म्हणून मला कळलं. नवरा सुटला, प्रमाणपत्रं राहिली." मग त्या वन्संसमोर उकिडव्या बसल्या. "ताई, तुमची केस मी लढू का?"

वन्सं म्हणाल्या, "हो." आणि उलटसुलट शंका राहू नये म्हणून बाईंचा हात घट्ट धरला.

वरच्या कोर्टात अर्ज दाखल करायची खिडकी तळमजल्यावर आहे. आम्ही तिघी गेलो. खिडकीतल्या कारकुनानं कागद चाळले आणि म्हणाला, "अर्जदार असमर्थ दिसतायत. पालकाची सही कुठाय?"

"अर्ज पालकाविरुद्धच आहे," वकीलबाई म्हणाल्या.

"असू दे की. पण सही पालकाची लागेल."

"म्हणजे ह्यांच्या भावानं स्वतःविरुद्ध सही करायची?"

"त्यांनी नाही केली तर तुम्ही त्यांच्याविरुद्ध अर्ज करू शकता," कारकून अगदी मनापासून मदत करत म्हणाला. "फक्त त्या अर्जावर पालकाची सही लागेल."

मी खिडकीच्या जाळीत तोंड घालून त्याला दोन शब्द सुनावणार होते, पण बाजूला खुसखुस ऐकू आली. वन्सं हसत होत्या. खांदे गदगदत होते. आजारानंतर त्या इतक्या हसल्याच नव्हत्या. कारकुनानं माझ्याकडे बघून विचारलं, "ह्यांना बरं नाहीये का?"

वकीलबाईंनी बाहेर येऊन आम्हाला नीट समजावलं. आता प्रश्न दुकानाचा राहिला नव्हता. वन्संना स्वतःच्या नावानं कोर्टाच्या आत येता येतं की नाही, हा प्रश्न होता. "घटनेत हक्क 'प्रत्येक व्यक्तीला' दिलेत," त्या म्हणाल्या. "प्रत्येक शहाण्या व्यक्तीला, प्रत्येक बोलक्या व्यक्तीला, असं कुठंही लिहिलेलं नाही. ह्या खिडकीनं अर्ज नाकारला ना, त्यालाच आपण आव्हान देऊ."

घरी मी ह्यांना स्वच्छ सांगून टाकलं. ह्यांचा घास हातातच राहिला. "तू माझ्याविरुद्ध कोर्टात जाणार?"

"तुमच्याविरुद्ध नाही. वन्संबरोबर."

"मी काय वैरी आहे का तिचा? मी होतो म्हणून ती वाचली. तिला तसं पडलेलं तू पाहिलं नाहीस. ते यंत्र अजून माझ्या कानात फिरतंय."

"माहितीये मला. पण तुमच्या कानांसाठी त्यांनी किती दिवस बंद राहायचं?"

ते ताटावरून उठून गेले. मला वाईट वाटलं, वाटणारच. एवढ्या वर्षांचा संसार आहे. पण मी पाऊल मागे घेतलं नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात एकाच टेबलावर वादी-प्रतिवादी जेवू लागले आणि भाजी मीच वाढत होते, दोन्ही पक्षांना सारखी.

सुनावणीपर्यंत वन्सं रोज सकाळी शब्दांची तालीम करायच्या. मी चमचा उचलायचे, त्या डोळे बारीक करून बघायच्या. दहा वेळा चुकायच्या, अकराव्या वेळी यायचा. एकदा मी काहीच दाखवत नसताना, भांडी विसळत असताना, मागून स्पष्ट ऐकू आलं, "कुलूप." मी वळले. वन्सं दाराच्या कडीकडे बघत होत्या. "कुलूप, कुलूप, कुलूप," त्या म्हणाल्या आणि ताटावर चमच्यानं ठोका दिला. मी साबणाच्या हातांनीच त्यांना मिठी मारली. त्या क्षणी मला वाटलं, जिंकलो. आता कितीही चित्रं दाखवा.

कोर्टात जायच्या आदल्या दिवशी वकीलबाईंनी मला बजावलं, "वहिनी, तिथं तुम्ही बोलायचं नाही. ताईंच्या वतीनं एक शब्दसुद्धा नाही. आपला सगळा मुद्दाच तो आहे."

"मी कशाला बोलतेय?" मी म्हटलं.

वकीलबाईंनी वन्संकडे पाहिलं, वन्संनी वकीलबाईंकडे, आणि दोघींनी छताकडे पाहिलं.

कोर्टाची खोली मला वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली. उंच टेबलामागे तीन न्यायमूर्ती, त्यांतल्या मधल्या बाई वयानं वन्संएवढ्याच. आम्ही उजवीकडच्या बाकावर, हे डावीकडच्या. ह्यांनी शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात लावलं होतं. सकाळी मी आधीच निघाले होते, सांगणार कोण?

न्यायमूर्तींनी विचारलं, "याचिकाकर्त्या कोण?"

"ह्या," मी म्हटलं.

"ती," त्याच क्षणी हे म्हणाले.

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. न्यायमूर्ती आधी माझ्याकडे बघत राहिल्या, मग ह्यांच्याकडे. "याचिकाकर्त्यांना दोन तोंडं दिसतात," त्या म्हणाल्या, "आणि दोन्ही दुसऱ्यांची." कोर्टात खसखस पिकली. मी पदर नसताना पदर तोंडात कोंबावा तशी हाताची मूठ तोंडावर धरून बसले.

ह्यांचे वकील उंच, मृदू आवाजाचे गृहस्थ होते. ते म्हणाले, ताईंचे हक्क आम्ही नाकारतच नाही. हक्क त्यांचेच आहेत, पूर्णपणे त्यांचे आहेत, फक्त ते बजावायचं काम पालकानं करायचं आहे, त्यांच्या हितासाठी. मी मनात म्हटलं, म्हणजे जेवण तुमचं, फक्त जेवणार मी. वकीलबाईंनी हेच जरा सभ्य भाषेत सांगितलं. दुसऱ्यानं उघडायची आणि दुसऱ्यानं मिटायची ती वस्तू हक्क कशी, असं त्यांनी विचारलं. माणसाचं वाईट करणारा जर त्याचा पालकच असेल, किंवा चांगलं करता करता वाईट करत असेल, तर त्यानं कुणाच्या तोंडानं ओरडायचं?

बराच वेळ वाद चालला. न्यायमूर्ती लक्ष देऊन ऐकत होत्या, मधून मधून वन्संकडे बघत होत्या. शेवटी त्या पुढे वाकल्या आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "एक मार्ग सुचतो. जुन्या तपासणीला वर्ष झालं. मध्यंतरी ताईंची प्रगती झालेली दिसते. आपण नव्या डॉक्टरांकडून पुन्हा तपासणी करून घेऊ. त्यात त्या समर्थ ठरल्या, तर याचिका त्यांच्या नावानं ऐकू. चालेल का?"

माझ्या डोळ्यांसमोर चमचा, घड्याळ, कुलूप नाचू लागले. पाठच होतं सगळं! मी भान विसरून उभी राहिले आणि म्हणाले, "चालेल, चालेल!" डावीकडून हेही म्हणाले, "चालेल." कित्येक महिन्यांत आम्हा नवरा-बायकोचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"मी याचिकाकर्त्यांना विचारलंय," न्यायमूर्ती म्हणाल्या.

वन्सं काठीवर जोर देऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नाही."

ह्यांचे वकील हळूच उठले. "मी निदर्शनास आणू इच्छितो, वैद्यकीय अहवालात नमूद आहे की ह्यांचा होकार आणि नकार उलट होतो."

"हो, हो," हे घाईनं म्हणाले, "तिला हो म्हणायचं आहे. ती… तुम्ही तिचं…"

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं. एवढी तालीम केलेली, शब्द तोंडात आलेले, मग नाही कशाला म्हणतील? घसरलाच असणार शब्द. मी वकीलबाईंची बाही ओढली. त्या जागच्या हलल्या नाहीत. त्या वन्संकडे बघत उभ्या होत्या, त्या दिवशी बॅग हातात धरून उभ्या होत्या तशाच.

वन्संचे ओठ हलत होते. काही येत नव्हतं. त्यांनी मांडीवर थाप मारली. एका न्यायमूर्तींनी घड्याळाकडे पाहिलं, मधल्या बाईंनी हात आडवा करून त्यांना थांबवलं. माझ्या जिभेवर शब्दांचा पूर आला होता. एरवी मी दोन घटकांत त्यांच्या वतीनं सगळं भाषण करून मोकळी झाले असते. मी दोन्ही हात मांडीखाली घालून त्यांच्यावर बसले, जणू मी हातांनी बोलते.

"नापास," वन्सं म्हणाल्या.

"तुम्हाला नापास होण्याची भीती वाटते का?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"नाही." मान जोरात हलवली, ह्या वेळी 'नाही' आणि मान एकाच बाजूला. मग पुन्हा ती लांबलचक शांतता. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "नापास… झाले…" त्यांनी श्वास घेतला. "तरी."

"तरी काय, ताई?"

वन्संनी छातीवर हात ठेवला, जसा दुकानाच्या दारावर ठेवायच्या. "तरी… माझं."

मला तर रडूच फुटलं. मूर्खासारखी मी चमचे आणि घड्याळं पाठ करून घेत होते, आणि ह्या बाईनं पेपरच फाडून टाकला होता. तिला उत्तरं येत होती. म्हणूनच ती ठणकावून सांगू शकत होती की उत्तरांवर हे मिळणार असेल, तर ज्यांना उत्तरं येत नाहीत त्यांचं काय?

न्यायमूर्तींनी पेन खाली ठेवलं. "नापास झाल्या तरी तुमचंच," त्या सावकाश म्हणाल्या, वन्संसाठी नव्हे, स्वतःला ऐकू यावं म्हणून. "बरोबर समजले का मी?"

"हो," वन्सं म्हणाल्या.

आणि त्या 'हो'बद्दल त्या खोलीत कुणालाही शंका आली नाही. ह्यांनासुद्धा नाही. मी पाहिलं, हे खाली मान घालून आपलं चुकीचं बटण चाचपत होते.

जेवणाच्या सुट्टीनंतर हुकूम आला. पालकत्व राहावं की जावं, हा मोठा खटला अजून पुढे चालायचा होता, आणि अजून चालू आहे. पण तो वन्संच्या नावानं चालेल, पालकाच्या सहीची गरज नाही, तपासणीची अट नाही. न्यायमूर्तींनी वाचून दाखवलं की हक्क असण्यासाठी माणूस असणं पुरेसं आहे. ते सिद्ध करायची परीक्षा घटनेत कुठंही नाही आणि हे न्यायालय ती घेणार नाही. निकाल लागेपर्यंत वन्संना त्यांच्या मर्जीविरुद्ध कुठंही हलवायचं नाही आणि दुकान कुणालाही द्यायचं नाही. दुकान आजच उघडायचं.

आम्ही चौघं एकाच गाडीतून दुकानापाशी आलो. चहावाल्यानं आम्हाला पाहिलं आणि स्टूल बाहेर काढायला धावला, मग काय झालंय ते कळून स्टूल परत आत घेऊन गेला. ह्यांनी खिशातून किल्ली काढली आणि सवयीनं माझ्यापुढे धरली. मी हात मागे बांधले.

"मला काय देताय?"

ते वळले. "ताई," म्हणाले आणि किल्ली वन्संपुढे धरली. वन्संनी ती घेतली नाही. त्या दाराच्या बरोबर समोर जाऊन उभ्या राहिल्या, काठी रोवून, आणि म्हणाल्या, "छोट्या. उघड."

वकीलबाईंना आधी कळलं आणि त्या मागे सरकल्या. मग मला कळलं. दार ज्याचं, तो समोर उभा होता. आता ते कुणीही उघडलं तरी हरकत नव्हती.

ह्यांना ते कुलूप काही लवकर उघडेना. धूळ बसली होती आणि किल्ली अर्ध्यावरच अडत होती. वन्संनी मदत केली नाही, घाईही केली नाही. ह्यांना वेळ लागला, तेवढा लागू दिला. कुलूप सुटलं तेव्हा ते ह्यांच्या हातून घेऊन त्यांनी वजन करावं तसं वरखाली केलं आणि म्हणाल्या, "भंगार." बरोबर शब्द, पहिल्याच खेपेला. हे हसले. आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. वन्संनी त्यांच्या शर्टाचं बटण काढून बरोबर काजात लावलं आणि आत गेल्या.

थोड्या वेळानं यंत्राची घरघर सुरू झाली. हे दचकले, पण पळाले नाहीत. दारात उभे राहिले.

चहावाला कप मांडत होता. त्यानं मला विचारलं, "वहिनी, ताईंना साखर किती घालू?"

"मला काय विचारताय? त्या आत आहेत, त्यांना विचारा."

तो जरा ओशाळला, मग आत डोकावून म्हणाला, "ताई, साखर किती?"

वन्संनी यंत्र थांबवलं. शब्द शोधायला लागल्या. वकीलबाई गप्प, मी गप्प, चहावाला चमचा हातात धरून उभा. चहा निवत होता. डॉक्टरांनी त्यांना साखर कमी करायला सांगितली होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि वन्संना सगळ्यांत जास्त माहीत होतं.

"दोन," वन्सं म्हणाल्या.

ह्यांनी बोलायला तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि मिटलं. मग चहावाल्याच्या हातातून कप घेतला, स्वतः दोन चमचे साखर घातली, ढवळली आणि कप आत नेऊन दिला.